‘प्रत्येक’ आणि ‘एक तरी’: सरकारी प्रणालींच्या सुरक्षा ऑडिटमधलं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मी गणितात एम.एस्सी. केलं आणि पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत लागलो. कंपनी राज्य शासनाच्या एका विभागाची ऑनलाइन प्रणाली सांभाळते. दरवर्षी सुरक्षा ऑडिट येतं, त्याबरोबर अडीचशे ओळींची एक्सेल येते. प्रत्येक ओळीपुढे ‘पूर्तता झाली’, ‘झाली नाही’ किंवा ‘लागू नाही’ लिहायचं आणि स्क्रीनशॉट जोडायचा. यात गणिताचा काही उपयोग आहे का? एखादा कंट्रोल, म्हणजे त्या ओळीतला सुरक्षेचा नियम, पाळला जातो हे सिद्ध करता येतं का? आणि ऑडिटर ते मान्य करेल का?”

उपयोग आहे, आणि पहिल्याच ओळीपासून आहे. मी एकवीस वर्षं पुण्यात हेच काम करतो, निम्मी वर्षं प्रणाली बांधणाऱ्यांच्या बाजूने आणि निम्मी तपासणाऱ्यांच्या. या काळात जी ऑडिटं फसली, त्यांत अवघड गणित क्वचितच आडवं आलं. बारावीच्या पुस्तकात पहिला धडा गणितीय तर्कशास्त्राचा असतो, त्यातलंच काहीतरी निसटलेलं असायचं.

एक ओळ घेऊ. ‘बदली झालेल्या किंवा सेवानिवृत्त कर्मचाऱ्याचा आयडी २४ तासांच्या आत बंद केला जातो.’ तुमच्या एक्सेलमध्ये ही कुठल्या ना कुठल्या रूपात असणारच. तिला पुरावा म्हणून काय जोडतात? कुणा एका निवृत्त अधिकाऱ्याचा आयडी उघडून, त्यावर ‘निष्क्रिय’ लिहिलेल्या पडद्याचा फोटो. आता दोन्ही विधानं शेजारी ठेवा. कंट्रोल म्हणतो, ‘प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी असं घडतं.’ पुरावा म्हणतो, ‘असा एक तरी कर्मचारी आहे, ज्याच्या बाबतीत असं घडलं.’ दुसऱ्यावरून पहिलं निघत नाही. परीक्षेत ही उडी मारली असती तर गुण गेले असते. इथे मात्र सही आणि शिक्का मिळतो, आणि ती चूक एका खऱ्या प्रणालीत, खऱ्या नागरिकांच्या माहितीशेजारी वर्षभर राहते. मला या कामात सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे.

यावरचा उपाय सोपा आहे: विधानाचा नकार लिहा. ‘असा एक तरी कर्मचारी आहे, ज्याची बदली किंवा निवृत्ती झाली आणि ज्याचा आयडी त्यानंतरच्या २४ तासांत बंद झाला नाही.’ हा नकार म्हणजे थेट डेटाबेसला विचारता येईल असा प्रश्न आहे. उत्तरात एकही ओळ आली नाही तर कंट्रोल पाळला गेला. एक जरी आली तर ते प्रतिउदाहरण, आणि विषय संपला. शाळेत असताना मी भास्कराचार्य प्रतिष्ठानच्या वर्गांना जायचो. सिद्धतेला हात घालण्याआधी विधान मोडून पाहायची सवय तिथे लागली. नोकरीत सर्वांत जास्त कामाला आलेली सवय तीच.

पण ‘उत्तर रिकामं आलं’ यावर लगेच विश्वास ठेवू नका. काही वर्षांपूर्वी एका सरकारी कार्यालयात आम्ही नेमका हाच प्रश्न चालवला. बदल्यांची यादी आस्थापना शाखेकडून आली, त्यात सेवार्थ क्रमांक, म्हणजे राज्याच्या पगार-प्रणालीतले कर्मचाऱ्यांचे ओळख क्रमांक, होते. आयडींची यादी प्रणालीतून निघाली, त्यात नुसती इंग्रजी अक्षरांतली नावं होती, आणि तीही एकाच आडनावाच्या दोन-तीन स्पेलिंगांची. आमच्या सहकाऱ्याने नाव जुळवून दोन्ही याद्या जोडल्या. उत्तर आलं शून्य ओळी. सगळे खूश झाले. मी जोडणीच्या आधीची संख्या मोजायला सांगितली, तेव्हा कळलं की बहुतेक नावं जुळलीच नव्हती आणि न जुळलेली माणसं जोडणीत गळून गेली होती. तपासणी जवळजवळ कुणावरच झाली नव्हती. मग आम्ही पंधरा दिवस खपून याद्या हाताने जुळवल्या. सापडलेल्या चालू आयडींपैकी सर्वांत जुना चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या एका अव्वल कारकुनाचा होता, आणि तो आदल्याच आठवड्यात वापरला गेला होता.

गणितात हे ओळखीचं आहे. रिक्त संचाबद्दल केलेलं ‘प्रत्येक’चं कुठलंही विधान सत्यच असतं. यादीत सर्व्हरच नसतील तर ‘सर्व सर्व्हर अद्ययावत आहेत’ हे आपोआप खरं ठरतं. पाठ्यपुस्तकात ही एक गंमत म्हणून शिकवतात, ऑडिटमध्ये ती सर्वांत धोकादायक चूक आहे, कारण अहवाल हिरवा दिसतो. म्हणून मी प्रत्येक तपासणीत दोन आकडे मागतो: उल्लंघनं किती, आणि ती कितींमधून मोजली. दुसरा आकडा दुसऱ्या, स्वतंत्र ठिकाणच्या आकड्याशी जुळला पाहिजे. कर्मचाऱ्यांसाठी पगारपत्रक उत्तम. सर्व्हरसाठी मालमत्तेच्या यादीवर विसंबू नका. नेटवर्कवर प्रत्यक्ष किती यंत्रं बोलतात ते मोजा. या दोन आकड्यांतला फरक हाच बहुतेक वेळा खरा निष्कर्ष असतो.

नमुना तपासणीबद्दल एवढ्याच आग्रहाने सांगतो. समजा ४०० आयडी आहेत आणि ऑडिटर २५ उघडून पाहतो. त्या ४०० मध्ये ४ आयडी चुकीने चालू राहिले असतील, तर २५ च्या नमुन्यात त्यांपैकी एकही न येण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के आहे. म्हणजे चारपैकी तीन वेळा अहवाल स्वच्छ येणार. उलट बाजूने पाहा. खूप मोठ्या यादीतून घेतलेले २५ च्या २५ नीट निघाले, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की बिघाडाचं प्रमाण साधारण ११ टक्क्यांहून जास्त नाही. तोंडी हिशेबासाठी ३ भागिले नमुन्याची संख्या हा ठोकताळा लक्षात ठेवा; २५ साठी तो १२ टक्के देतो, म्हणजे जवळपास बरोबर. त्यात नमुना यादृच्छिक हवा ही अट आहे, आणि ती पाळली जात नाही. महाराष्ट्रात २००५ च्या बदल्यांच्या कायद्याप्रमाणे सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात. ऑडिट फेब्रुवारीत असेल आणि नमुना गेल्या महिन्याभरातला असेल, तर ज्या काळात चुका व्हायच्या तो काळ नमुन्यातच नाही. मुळात नमुना घ्यायची पद्धत कागदी रजिस्टरांच्या दिवसांतली आहे. संगणक एका सेकंदात चारशेच्या चारशे पाहू शकत असताना पंचवीस पाहून थांबू नका.

आता शब्दांकडे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेची ८००-५३ नावाची कंट्रोल-सूची तुम्ही पाहिली नसेल तर जरूर पाहा. सप्टेंबर २०२० मध्ये तिची पाचवी आवृत्ती निघाली, तिच्यात कंट्रोलची २० कुटुंबं आहेत. ती आपल्यावर बंधनकारक नाही, पण वाचण्यासारखी आहे, कारण तिच्यात रिकाम्या जागा उघड ठेवल्या आहेत. ‘अमुक इतक्या काळात आयडी निष्क्रिय करावा’ असं लिहून ‘अमुक’ची जागा त्या-त्या संस्थेने भरायची असते. गणिताच्या भाषेत तो मोकळा चल आहे. चलाला किंमत दिल्याशिवाय विधान सत्यही नसतं आणि असत्यही नसतं. आपल्याकडच्या परिपत्रकांत हेच चल ‘वेळोवेळी’, ‘शक्यतो’, ‘यथोचित’, ‘आवश्यकतेनुसार’ अशा शब्दांत दडलेले असतात. अशा ओळीपुढे ‘पूर्तता झाली’ लिहिणं म्हणजे क्ष ची किंमत न सांगता ‘क्ष पाचाहून मोठा आहे’ म्हणणं. अशी प्रत्येक ओळ वेगळी काढा, टिपणी तयार करा आणि विभागाकडून आकडा लेखी घ्या. ‘वेळोवेळी म्हणजे दर ९० दिवसांनी’ एवढं एक वाक्य सहीनिशी मिळालं की अर्धं काम झालं. हे काम कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचं हेच.

काही चलांना कायद्यानेच किंमत दिली आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ७०ब खाली सर्ट-इनने, म्हणजे सायबर सुरक्षेच्या घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणं, १८० दिवसांचे लॉग (प्रणालीत काय घडलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) भारतातच जतन करणं आणि प्रणालींची घड्याळं एनआयसी (केंद्राची माहिती-तंत्रज्ञान संस्था) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या) वेळेशी जुळवणं बंधनकारक केलं. घड्याळाच्या अटीला लोक किरकोळ समजतात. पण ‘२४ तासांत’ किंवा ‘६ तासांत’ ही वजाबाकी आहे, आणि वजाबाकीतल्या दोन वेळा दोन वेगळ्या घड्याळांवरच्या असतील तर उत्तराला अर्थ नाही.

१८० दिवसांची अट तर एक सुंदर असमानता आहे. लॉग सहसा जागेच्या हिशेबाने पुसले जातात: डिस्क भरली की जुनं जातं. समजा लॉगसाठी ८४० जीबी जागा आहे आणि रोज ४ जीबी लॉग तयार होतो. म्हणजे २१० दिवस, भरपूर. पण अर्जांच्या हंगामात ६० दिवस रोज ७ जीबी होतो. वर्षाची सरासरी काढली तर रोज साडेचार जीबीच्या आसपास येते आणि जागा १८७ दिवसांना पुरेल असं दिसतं. मात्र हंगाम संपतो त्या दिवशी पाहा: साठ दिवसांनी ४२० जीबी खाल्ले, उरलेल्या ४२० मध्ये आधीचे १०५ दिवस मावतात. एकूण १६५. त्या दिवशी कायद्याचं उल्लंघन झालेलं असतं आणि कुणाला पत्ताही नसतो. अट सरासरीबद्दल बोलतच नाही. कुठलेही सलग १८० दिवस घेतले तरी त्यांची बेरीज उपलब्ध जागेत मावली पाहिजे, असं ती म्हणते. पुन्हा ‘प्रत्येक’.

अधिकारांच्या विभाजनावर मात्र थोडं जास्त थांबतो, कारण सरकारी पैसा तिथून जातो. अट अशी: बिल तयार करणारा आणि मंजूर करणारा वेगळे हवेत. बहुतेक प्रणाली हे भूमिकांच्या पातळीवर बांधतात. ‘लिपिक’ ही भूमिका बिल तयार करते, ‘आहरण व संवितरण अधिकारी’ ही मंजूर करते, आणि एका आयडीला दोन्ही भूमिका देता येत नाहीत. वरवर पाहता पुरेसं आहे. आता अतिरिक्त कार्यभार आणा. अधिकारी रजेवर जातात, त्यांचा कार्यभार कनिष्ठाकडे येतो. प्रणाली एका आयडीला दोन भूमिका देऊ देत नाही, म्हणून त्याला दुसरा आयडी काढून दिला जातो. सोमवारी एका आयडीने तयार केलेलं बिल मंगळवारी तोच माणूस दुसऱ्या आयडीने मंजूर करतो. प्रणालीच्या दृष्टीने अट पाळली गेली.

दोष कुठे आहे ते नेमकं सांगता येतं. अट माणसांबद्दल होती, तपासणी आयडींबद्दल झाली. आयडीकडून माणसाकडे जाणारं फल एकास-एक असेल तरच ही अदलाबदल चालते. तेव्हा दोन विधानं लिहा. एक, प्रत्येक बिलासाठी तयार करणारा माणूस आणि मंजूर करणारा माणूस भिन्न आहेत. दोन, दोन आयडींचा सेवार्थ क्रमांक कधीही एकच नसतो, आणि असलाच तर त्याच्या सगळ्या आयडींना एकच माणूस धरूनच पहिलं विधान तपासलं जातं. शिवाय भूमिका एकमेकींत अंतर्भूत असतात: ‘कार्यालय प्रमुख’ या भूमिकेत ‘अधिकारी’चे अधिकार येतात, ‘प्रणाली प्रशासक’मध्ये सगळ्यांचेच. म्हणून फक्त थेट दिलेल्या भूमिका पाहून भागत नाही. भूमिकांचा आलेख काढा आणि कुठून कुठे पोचता येतं ते शेवटपर्यंत चालून पाहा.

एवढं करूनही एक गोष्ट उरते. साहेबांची डिजिटल सहीची डोंगल कारकुनाच्या खणात असते आणि पिन कॅलेंडरच्या मागे लिहिलेला असतो. हे मी एकाहून अधिक कार्यालयांत डोळ्यांनी पाहिलं आहे. ‘डोंगल वापरणारा माणूस तोच, ज्याच्या नावाने ती दिली’ हे तुमच्या सिद्धतेत गृहीतक आहे, आणि ते गृहीतक म्हणूनच ठळक लिहा. मग ते तपासण्यासाठी माणूस पाठवता येतो. न लिहिलेलं गृहीतक कुणीच तपासत नाही.

पासवर्ड लॉकची ओळही अशीच फसवी असते. ‘१५ मिनिटांत ५ चुकीचे प्रयत्न झाल्यास आयडी लॉक.’ हल्लेखोर दर १५ मिनिटांना चारच प्रयत्न करतो. एका आयडीवर दिवसाला ३८४ झाले, लॉक कधीच लागत नाही. प्रणालीत २,००० आयडी असतील तर दिवसाला ७,६८,००० अंदाज, कंट्रोल शंभर टक्के पाळून. अट एकेका आयडीबद्दल होती, हल्ला संपूर्ण संचावर झाला. सगळ्या आयडींवरचे चुकीचे प्रयत्न मिळून एक मर्यादा हवी, हे विधान एक्सेलमध्ये नसेल तर तुम्ही जोडा.

आता ‘सिद्ध करता येतं का’. काही गोष्टी खरोखर, पूर्ण अर्थाने करता येतात. फायरवॉल घ्या, म्हणजे नेटवर्कवरून येणारं माहितीचं प्रत्येक पॅकेट आत सोडायचं की अडवायचं हे ठरवणारी यंत्रणा. पॅकेटचा निर्णय पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, दोन पोर्ट आणि प्रोटोकॉल यांवर होतो: ३२, ३२, १६, १६ आणि ८, मिळून १०४ बिट. शक्य पॅकेटं २ चा १०४ वा घात, म्हणजे २ वर ३१ शून्यांइतकी. ती पाठवून पाहता येणार नाहीत. पण नियम हे अंतरालांचे संच आहेत, त्यांवर बीजगणित चालतं. ‘इंटरनेटवरून डेटाबेसपर्यंत पोचणारं एक तरी पॅकेट आहे का?’ हा प्रश्न सॉल्व्हरला, म्हणजे अटींची उत्तरं शोधणाऱ्या प्रोग्रॅमला दिला, तर तो एक तर तसं पॅकेट काढून दाखवतो किंवा ‘असं पॅकेटच नाही’ हे सिद्ध करतो. यासाठी झेड-थ्री हा सॉल्व्हर शिका. तो मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये तयार झाला, २०१५ पासून मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे, आणि पायथनमधून चालतो. ॲमेझॉनच्या क्लाउडमधल्या परवानगी-नियमांची तपासणी करणारी झेलकोवा ही यंत्रणा, जिच्यावरचा शोधनिबंध २०१८ मध्ये आला, अशाच सॉल्व्हरांवर उभी आहे. पुण्यालाही हा विषय परका नाही. १९८१ मध्ये इथे सुरू झालेल्या टीआरडीडीसी या टाटांच्या संशोधन केंद्रात प्रोग्रॅमच्या पडताळणीवर वर्षानुवर्षं काम झालं आहे.

मर्यादाही समजून घ्या. १९७६ मध्ये हॅरिसन, रुझो आणि उलमन यांनी दाखवलं की अधिकार देण्या-काढण्याचे नियम मुक्त ठेवले, तर ‘अमुक अधिकार कधी तरी अमुक व्यक्तीच्या हाती पडेल का’ याचं उत्तर प्रत्येक वेळी देणारी कुठलीही कृतिपद्धती असू शकत नाही. मात्र तुमच्या विभागातले आयडी आणि भूमिका मर्यादित आहेत, आणि रोजच्या कामात नवीन भूमिका जन्माला येत नाहीत. तिथे उत्तर निघतं. कुणी नियम इतके लवचीक करायला सांगितलं की कोणताही अधिकारी कुणालाही नवी भूमिका तयार करून देऊ शकेल, तर हा निकाल टिपणीत लिहून विरोध करा.

संभाव्यतेबद्दल एकच इशारा. ‘तीन थर आहेत, प्रत्येक थर दहात एकदा चुकतो, म्हणजे तिन्ही हजारात एकदा चुकतील’ असं कुणी म्हणालं की विचारा, तिन्हींचा ॲडमिन कोण? एकच असेल तर त्याचा एक पासवर्ड गेला की तिन्ही थर एकदम जातात, आणि गुणाकार करायचा अधिकारच उरत नाही.

राहिला ऑडिटर. सर्ट-इनच्या यादीवरचा ऑडिटर स्वतःच्या सहीने अहवाल देतो. त्याला सिद्धतेचं वावडं नसतं, न समजणाऱ्या कागदावर सही करण्याची भीती असते. म्हणून प्रत्येक कंट्रोलमागे एकच पान ठेवा: मूळ वाक्य, भरलेले चल, त्याचा नकार, चालवलेली क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न), किती ओळींवर चालली, किती उल्लंघनं आली, तारीख-वेळ आणि गृहीतकं. स्क्रीनशॉट मागितला तर क्वेरीच्या उत्तराचा द्या, दोन्ही आकडे दिसतील असा. मी तपासणीच्या बाजूला होतो तेव्हा असं पान हातात आलं की मी ती ओळ दहा मिनिटांत संपवून ज्या ओळींमागे पान नव्हतं तिकडे वेळ द्यायचो. ही पानं यंत्राला वाचता येतील अशा स्वरूपात ठेवायची असतील तर एनआयएसटीचा ओस्कॅल हा साचा आहे, जून २०२१ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. पण तो नंतर. पहिली वीस पानं साध्या फाइलीत लिहा.

अडीचशे ओळी एकदम घेऊ नका. बदलीच्या आयडींची एकच ओळ घ्या. आस्थापना शाखेत स्वतः जा आणि गेल्या एप्रिल-मेमधले बदली आदेश सेवार्थ क्रमांकासह मागा. पहिल्या फेरीत यादी बहुधा पीडीएफमध्ये मिळेल, दुसऱ्या फेरीत एक्सेलमध्ये, आणि ती कोण अद्ययावत ठेवतं हे तिसऱ्या फेरीत कळेल. त्या माणसाचं नाव आणि टेबल तुमच्या पानावर गृहीतकांच्या रकान्यात लिहून ठेवा.